बरोबर उत्तराला शून्य गुण

"पत्ते?" दार अर्धंच उघडून आप्पांनी विचारलं. "रविवारी? भरदुपारी? माझ्या घरात?"

"पत्ते नाहीत आप्पा, कार्डं आहेत," मी म्हणालो.

"फरक काय?"

"पत्त्यांत राजा-राणी असतात. यात टँकर आहे, कुकर आहे, एक बनियन आहे."

आप्पांनी माझ्या हातातल्या बुटाच्या खोक्याकडे पाहिलं. माझ्यामागे सुकुमार उपाध्ये उभा होता. तो पतसंस्थेत नोकरीला होता आणि चेहरा कायम कर्ज नाकारल्यासारखा. त्याच्यामागे यास्मिन मुजावर, औषधाच्या दुकानातून तशीच आलेली.

"पैसे लावून नाही ना?"

"नाही आप्पा," यास्मिन मागून म्हणाली. "अक्कल लावूनसुद्धा नाही."

यावर त्यांनी दार पूर्ण उघडलं.

आप्पांचं पूर्ण नाव बाहुबली चौगुले. उंची पाच फूट दोन इंच. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. उसाने भरलेली गाडी आत जाताना वजन, रिकामी बाहेर येताना वजन, दोन्हींतला फरक म्हणजे ऊस. या एका वजाबाकीवर त्यांनी संसार केला, मुलाला इंजिनिअर केलं, मुलीला शिक्षिका केलं. त्यांच्या घरात शिरताना मला नेहमी वाटायचं, की माझं आत येतानाचं वजन त्यांनी मनात टिपून ठेवलंय.

आम्ही आलो होतो त्यांच्या मुलीसाठी. तिचं नाव पद्मश्री. हजेरी घेताना दरवर्षी नवे गुरुजी त्या नावाशी क्षणभर थांबायचे आणि मग पुढे जायचे. जयसिंगपुरात आम्ही चौघं पहिलीपासून एकत्र होतो. आता सगळे सत्तावीस वर्षांचे झालो होतो आणि त्यातल्या त्यात तीच जरा मार्गाला लागलेली होती.

मे महिन्यात तिचं लग्न व्हायचं होतं. मुलगा पुण्याचा. लग्नाला वीस दिवस उरले असताना त्यांच्याकडून फोन आला, की मुलाचं मन नाही. मन नाही हे मुलाला चार महिने माहीत होतं, पण म्हणे तो कामात होता.

पद्मश्रीने तोवर शाळेचा राजीनामा दिला होता. शिवाय स्टाफरूममधल्या तेवीसच्या तेवीस जणांना स्वतःच्या हाताने पत्रिका दिल्या होत्या, पेढ्यांसकट. ज्यांनी पेढे खाल्ले त्यांना चौकशी करायचा अधिकार मिळतो. म्हणून दोन महिने ती घराबाहेर पडलीच नव्हती. मुख्याध्यापिका शेट्टीबाईंनी निरोप पाठवला होता: राजीनामा अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सोमवारी शाळा उघडते. आलीस तर फाडते, नाही आलीस तर पुढे पाठवते.

सोमवार उद्यावर आला होता. आणि शनिवारी तिने यास्मिनला फोनवर सांगितलं होतं, की ती शाळेत जाणार नाही, बेळगावला मावशीकडे जाणार आहे. तिथे काय करणार, असं यास्मिनने विचारलं. पद्मश्री म्हणाली, "तिथे मला कुणी ओळखत नाही. तेवढंच करणार."

काकू, म्हणजे तिची आई, शिखरजीच्या यात्रेला गेल्या होत्या. घरात बापलेक दोघंच. दोघांत मिळून दिवसाला अंदाजे अकरा शब्द व्हायचे आणि त्यांतले चार चहाचे असायचे.

आता खेळाबद्दल. यास्मिनच्या भावाने मागे एक विकतचा खेळ आणला होता. एका कार्डावर अर्धवट वाक्य, बाकीच्यांनी आपापल्या हातातलं एक कार्ड टाकून ते पुरं करायचं, ज्याने जास्त हसू येईल ते जिंकलं. खेळ चांगला होता, पण त्यातली सगळी माणसं अमेरिकेतली. त्यांच्यातल्या कुणाचीच खोड आम्हाला माहीत नव्हती. ज्याची खोड माहीत नाही त्याच्यावर कसं हसणार? म्हणून आम्ही आमचा खेळ बनवला. गुलाबी कार्डांवर प्रश्न, पांढऱ्यांवर उत्तरं. प्रत्येक डावाला एक जण सरपंच. सरपंचाने प्रश्न वाचायचा, बाकीच्यांनी उत्तरं पालथी टाकायची, मग सरपंचाने ती ग्रामसभेचा ठराव वाचावा तशी, चेहरा हलू न देता वाचायची आणि एकाला विजयी करायचं. टाकलेली उत्तरं परत खोक्यात जायची आणि पुढच्या डावाआधी प्रत्येकाने त्यातून नवं एक ओढायचं.

कार्डं मी आणली होती. मी त्या वेळी दाजींच्या छापखान्यात प्रूफरीडर होतो. लग्नपत्रिका तपासायच्या, एवढंच काम. एकतीस जूनच्या लग्नाची पत्रिका माझ्याच नजरेखालून गेलेली. पत्रिकेचा कागद जाड असतो आणि मागून कोरा. बिघडलेल्या, उरलेल्या पत्रिकांची थप्पी छापखान्यात कायम पडून असते. एकीचे चार तुकडे केले, की चार कार्डं.

त्या थप्पीत पद्मश्रीच्या पत्रिकाही होत्या. आप्पांनीच एका सकाळी रिक्षातून आणून दिल्या होत्या, घरात डोळ्यांसमोर नकोत म्हणून. सगळं गाव सात नंबरचंच डिझाइन घेतं, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. मी बसून एकेक नाव वाचलं आणि तिच्या तेवढ्या बाजूला काढल्या. दोन तास लागले. सुकुमारने विचारलं, नक्की सगळ्या निघाल्या ना? मी म्हणालो, अरे, प्रूफरीडरची नजर आहे.

पद्मश्री बाहेर आली. केस तेल लावून घट्ट बांधलेले, आजारी माणसाचे बांधतात तसे. आमच्याकडे पाहून म्हणाली, "कुणी सांगितलं तुम्हाला यायला?"

"कुणी नाही. म्हणून तर उशीर झाला," सुकुमार म्हणाला.

ती बसली. माझ्या मते दमली होती म्हणून बसली, पण बसली. मी प्रत्येकाला सात पांढरी कार्डं वाटली. आप्पा खिडकीशी वर्तमानपत्र उघडून बसले. ते उलटं नव्हतं, पण पान दुपारभर बदललं नाही.

पहिला सरपंच सुकुमार. त्याने वाचलं, "रेल्वे फाटकावर वीस मिनिटं थांबल्यावर माणसाला कळतं, की आयुष्यात सगळ्यात महत्त्वाचं काय, तर रिकामी जागा."

उत्तरं आली ती अशी: अर्धा किलो शंका. शेजारणीने परत न केलेला डबा. ज्याला कुणी बोलावलं नव्हतं तो बँडवाला.

सुकुमारने डब्याला विजयी केलं. तो डबा पद्मश्रीचा होता. ती हसली नाही, पण तिने जिंकलेलं गुलाबी कार्ड आपल्याकडे ओढलं आणि नीट सरळ करून ठेवलं. एवढ्यात वर्तमानपत्र खाली आलं.

"उत्तर चुकीचं आहे," आप्पा म्हणाले.

यात चूक-बरोबर असं काही नसतं, हे यास्मिनने त्यांना समजावलं. त्यांना ते पटलं नाही. प्रश्न आहे म्हणजे उत्तर आहे, आणि फाटकावर थांबलेल्या माणसाने आधी इंजिन बंद करावं. तसं कार्ड आहे का? नव्हतं. मग दाखवा काय आहे ते, म्हणत ते खुर्ची ओढून आमच्यात आले. मी त्यांनाही सात कार्डं दिली. त्यांतलं एक कोरं निघालं.

"याच्यावर काही नाही. वजन शून्य?"

"त्याच्यावर मनाला येईल ते लिहायचं, आप्पा. सगळ्यांत भारी कार्ड आहे ते."

त्यांनी ते कार्ड हातातल्या गठ्ठ्याच्या सगळ्यांत मागे ठेवलं.

पुढचा तासभर आम्ही एक असा माणूस पाहिला, जो हसवायच्या खेळात फक्त बरोबर उत्तरं देत होता. "सासुरवाडीला जाताना जावयाने विसरू नये असं काय?" या प्रश्नाला आम्ही बनियन, बिनपाण्याचा टँकर आणि यास्मिनने दिलेली चुकीची गोळी टाकली. आप्पांनी टाकली कुकरची चौथी शिट्टी. का, तर जावई येणार म्हणजे सासूने कुकर लावलेला असणार आणि चौथ्या शिट्टीला पोचलं तर भात गरम मिळतो. हे त्यांनी इतकं सविस्तर सांगितलं, की सरपंच असलेल्या पद्मश्रीच्या नाकपुड्या हलल्या. पण गुण तिने बनियनला दिले.

"बरोबर उत्तराला काहीच नाही?" आप्पांनी विचारलं.

"नाही."

"बरं."

मला वाटलं, जमतंय. उद्याचा विषय अजून कुणी काढला नव्हता, पण तिने स्वतःहून पाणी मागितलं होतं. मी मान वर केली आणि तेव्हा मला ते दिसलं.

ती माझ्यासमोर बसली होती. तिच्या हातातल्या कार्डांवरची उत्तरं तिच्याकडे होती, छापील बाजू आमच्याकडे. कुणाच्या तरी मंगल कार्यालयाचा पत्ता, कुणाचं तरी 'आहेर आणू नये'. आणि मधल्या कार्डावर, दोन बाळांच्या चित्रांखाली, वाकड्या अक्षरांत: 'आमच्या पद्मीआत्तीच्या लग्नाला यायचं हं!'

पत्रिकेच्या तळाशी घरातल्या पोरांच्या नावाने एक ओळ टाकायची आपल्याकडे रीत आहे. मी दोन तास वरचं 'पद्मश्री' शोधत होतो. खालच्या पद्मीकडे माझी नजर गेलीच नव्हती.

मी सुकुमारला कोपर मारलं. त्याने पाहिलं. त्याने यास्मिनकडे पाहिलं, यास्मिनने कार्डाकडे. मी घाईने जाहीर केलं, की या डावापासून प्रत्येकाने आपलं मधलं कार्ड डावीकडच्याला द्यायचं. असा काही नियम नव्हता. सुकुमार म्हणाला, आहे, तो जुनाच नियम आहे. मधलं म्हणजे कुठलं, असं पद्मश्रीने विचारलं, कारण तिच्या हातात सहाच होती. यास्मिनने बिस्किटाची बशी पुढे केली आणि दोन्ही हातांनी घे म्हणाली. एका बिस्किटाला दोन हात कशाला, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

तोवर आप्पांनीही ते वाचलं होतं. त्यांचा हात टेबलावर होता, तो त्यांनी मांडीवर घेतला.

"माझ्या हातात काय आहे?" पद्मश्री म्हणाली. "सगळे काय बघताय?"

तिने कार्ड उलटं केलं. मग जसा नियम होता तसं, सरपंचासारखा चेहरा ठेवून, मोठ्याने वाचलं.

"आमच्या पद्मीआत्तीच्या लग्नाला यायचं हं. आपले लाडके, सम्यक आणि आर्या."

पंखा फिरत होता. त्याचं एक पातं कुठेतरी घासत होतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"मी सगळ्या काढल्या होत्या गं," मी म्हणालो. "एकेक नाव वाचून. काही आधीच अर्ध्या कापलेल्या होत्या. खालच्या अर्ध्यात तू असशील असं वाटलं नाही."

"एकतीस जून," ती म्हणाली.

"हो."

ती उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. सुकुमार हळूच म्हणाला, बॅग भरतेय. यास्मिनने माझ्याकडे पाहिलं. औषधाच्या दुकानात काम करणाऱ्या बाईने असं पाहिलं, की माणूस पुढचे काही दिवस तिच्याकडून गोळ्या घेत नाही. मी कार्डं गोळा करायला लागलो.

"राहू दे," आप्पा म्हणाले.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात तपासणीचं लाल पेन होतं. खोक्यातून तिने एक न लिहिलेलं गुलाबी कार्ड घेतलं, मास्तरीण लिहिते तशा गोल अक्षरांत काहीतरी लिहिलं आणि मधोमध ठेवलं.

'पद्मश्रीचं लग्न मोडलं, कारण ______.'

"हा प्रश्न मला उद्या तेवीस जण विचारणार," ती म्हणाली. "माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून मी जात नाहीये. तुमच्याकडे असेल तर टाका."

"पद्मा, हे कशाला..." यास्मिन म्हणाली.

"मी सरपंच आहे. टाका."

मी आयुष्यात बऱ्याच पत्रिका तपासल्या आहेत, पण हातातली सहा कार्डं इतक्या काळजीने कधी वाचली नव्हती. शेवटी डोळे मिटून एक पालथं टाकलं. सुकुमारने टाकलं. यास्मिनने टाकलं. आप्पा तसेच बसून होते. मग म्हणाले, "पेन दे."

पद्मश्रीने लाल पेन दिलं. त्यांनी गठ्ठ्यातलं शेवटचं, कोरं कार्ड काढलं, हाताचा आडोसा धरला आणि लिहिलं. त्यांना चार मिनिटं लागली. मी समोरच्या घड्याळात बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

तिने चारही कार्डं पिसली. पहिलं उचललं.

"पद्मश्रीचं लग्न मोडलं, कारण बिनपाण्याचा टँकर."

कुणी हललं नाही.

"पद्मश्रीचं लग्न मोडलं, कारण नवरदेवाच्या मामांचा बनियन."

यास्मिनने ओठ दाबले. ते कार्ड माझं होतं.

"पद्मश्रीचं लग्न मोडलं, कारण ज्याला कुणी बोलावलं नव्हतं तो बँडवाला."

सुकुमारच्या घशातून बंद पडलेल्या मोटारीसारखा आवाज आला. पद्मश्रीचा चेहरा ग्रामसभेचाच होता. तिने चौथं कार्ड उचललं आणि थांबली. तसं थांबायचं नसतं. मग तिने ते त्याच आवाजात वाचलं.

"पद्मश्रीचं लग्न मोडलं, कारण आप्पांनी घाई केली."

त्यामागची हकिगत आम्हाला ठाऊक होती. मुलगा फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही, सहा महिने थांबू या, असं ती जानेवारीतच म्हणाली होती. पण कार्यालयाची मे महिन्यातली एकच तारीख शिल्लक होती आणि आप्पांनी ती धरली होती. घरात हे कुणी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. अकरा शब्दांत ते बसतही नव्हतं.

आप्पा टेबलाकडे बघत होते. "मला खोटी उत्तरं जमत नाहीत," ते म्हणाले.

पद्मश्रीने चारही कार्डं ओळीने मांडली. मग आप्पांचं कार्ड उचलून त्यांच्यासमोर ठेवलं.

"उत्तर बरोबर आहे," ती म्हणाली. "पण हसू आलं नाही. शून्य गुण. बनियन विजयी."

आप्पांनी मान हलवली. नाक ओढलं. आणि म्हणाले, "पायऱ्या दाखवल्याचे निम्मे तरी?"

ती हसली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग तिने डोकं टेबलावर टेकवलं आणि दोन्ही हातांनी टेबल धरून हसत राहिली. मधे केव्हातरी ते रडणं झालं आणि परत हसणं झालं. आप्पांनी बिस्किटाची बशी तिच्या डोक्यापासून जरा लांब सरकवली. काय करावं ते न कळणाऱ्या माणसाने करण्यासारखं तेवढंच होतं. निघताना तिने मला विचारलं, टँकर, बनियन, बँडवाला यांच्यासारखी अजून किती आहेत? मी म्हणालो, साठ-सत्तर. ती म्हणाली, खोकं ठेवून जा.

सोमवारी सकाळी मी शाळेसमोरच्या रसवंतीत गेलो. सहज. तिथे आप्पा आधीच बसले होते. तेही सहज. त्यांना स्कूटरच्या मागच्या चाकातली हवा बघायची होती म्हणे. स्कूटर त्यांनी घरी ठेवली होती.

ती आत गेली होती. जमलं नाही तर दहा मिनिटांत बाहेर येईन, असं सांगून गेली होती. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आप्पांनी रसाचा घोट घेतला आणि रसवाल्याला सांगितलं, की हा ऊस तोडून चार दिवस झालेत. साडेअकराला मला छापखान्यात जावं लागलं. पाच वाजता परत आलो तर आप्पा त्याच बाकावर होते. पाचवा ग्लास होता आणि रसवाला त्यांना ऊस कुठून घ्यावा ते विचारत होता.

साडेपाचला शाळा सुटली. पद्मश्री फाटकातून बाहेर आली तेव्हा बरोबर दोन शिक्षिका होत्या. त्यांतल्या एकीने तोंडाला पदर लावला होता आणि तिचं पोट हलत होतं. पद्मश्रीचे केस कालच्याइतके घट्ट नव्हते. त्या दोघींना रिक्षात बसवून ती रस्ता ओलांडून आमच्याकडे आली, आप्पांचा ग्लास उचलला आणि उरलेला रस पिऊन टाकला.

काय झालं, ते तिने उभ्यानेच सांगितलं. ज्याने विचारलं, त्याच्यापुढे तिने पर्समधला गठ्ठा धरला होता. एक ओढा, जे येईल ते कारण. सातजणांनंतर लोक तिची चौकशी सोडून एकमेकांना कुठलं कार्ड आलं ते विचारायला लागले. चित्रकलेच्या सरांनी दोनदा ओढलं. भूगोलाच्या मुजुमदारबाईंना टँकर आला आणि त्यांनी तो खरा मानला. कार्याच्या घरी पाण्याचीच सोय नाही म्हटल्यावर मोडलं ते बरंच झालं, असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. आज या गोष्टीला नऊ वर्षं झाली, पण जयसिंगपुरात अजून निम्मे लोक लग्न ठरवताना आधी टँकरवाला नक्की करतात. शेट्टीबाईंनी राजीनामा फाडला आणि त्याच्या तुकड्यांची कार्डं होतील का, असं विचारलं.

"ते चौथं कार्ड?" आप्पांनी विचारलं. रस्त्याकडे बघत विचारलं.

"ते नेलं नव्हतं," ती म्हणाली. "ते घरचं आहे."

ती पुढे चालायला लागली. आप्पा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, एक डोळा बारीक करून, तिच्या पाठमोऱ्या चालण्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. काट्याच्या खिडकीतून ते असेच बघत असणार.

"सकाळी भरलेली गेली होती," ते म्हणाले. "रिकामी आली."

"किती उतरलं असेल, आप्पा?"

त्यांनी विचार केला. खोटी उत्तरं त्यांना जमत नाहीत.

"दोन टन," ते म्हणाले. "वर थोडं असेल. पण मी काट्यावर नाहीये आता. लिहून घेऊ नकोस."